तिसऱ्या आळ्यातलं झाड

मानीबाईच्या हातात सकाळपासून कुऱ्हाड होती आणि ती काही केल्या चालत नव्हती. "दहाला पाहुणे येतील. त्याआधी ते खुरटं काढून टाका, शेजारच्याला मोकळं होऊ द्या," असं साधना मॅडम चहा पिता पिताच सांगून गेल्या होत्या. खुरटं म्हणजे दुसऱ्या आळ्यातलं, उंबराच्या जातीचं झाड. इतक्या वर्षांत ते कमरेच्या वर गेलं नव्हतं. त्याच्या शेजारचं, तिसऱ्या आळ्यातलं, मात्र दोन पुरुष उंच आणि गर्द. दुपारची भाकर मानीबाई त्याच्याच सावलीत खायची.

मॅडमची बाग लोहारा गावाच्या पुढं, बरड माळावर आहे. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून रिटायर झाल्यावर या बाईनं सगळा जीव त्या मुरमात ओतला. इथं गुलाब नाही की शेवंती नाही. म्यानमार, आसाम, व्हिएतनाम, श्रीलंका, अशा कुठल्या कुठल्या जंगलांतून वेचून आणलेल्या बियांची झाडं, नर्सरीतलं एकही नाही. प्रत्येकाच्या बुडाशी पत्र्याची पट्टी, पट्टीवर नंबर आणि त्या नंबराचं पान मॅडमच्या वहीत. बी कोणत्या डोंगरावर, कोणत्या झाडाखाली, कोणत्या तारखेला उचललं ते सगळं त्यात लिहिलेलं. बाग बघायला येणाऱ्याला मॅडम पहिलं वाक्य हेच ऐकवायच्या, की इथल्या प्रत्येक झाडाला आपलं गाव ठाऊक आहे. माणसं हसायची. मानीबाई हसायची नाही.

मानीबाई तांड्यावरची. परकर नेसायच्या वयापासून कपाशीत राबलेली. कपाशीच्या ओळीत एखादं बी उगवलं नाही, तर आठ दिवसांच्या आत तिथं दुसरं टोबावं लागतं. त्याला नांगे भरणं म्हणतात, आणि पार आर्णीपर्यंत मानीबाईसारखे नांगे भरणारी बाई नाही, असं तिचा नवरा नेमसिंग अजूनही चारचौघांत सांगतो. ओळीत रिकामी जागा दिसली की तिचा हात शिवशिवायचा. नऊ वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात मॅडम डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी नागपूरला गेल्या आणि या उंबराच्या जातीच्या, म्यानमारहून आलेल्या चार रोपांतलं तिसरं उन्हानं करपून गेलं. पाण्याच्या टाक्याजवळ थेट तसंच दिसणारं एक रोप आपोआप उगवलं होतं, कुठल्याशा पाखरानं टाकलेल्या बीचं. मानीबाईनं ते मुळांसकट उचललं, तिसऱ्या आळ्यात लावलं, पट्टी पदरानं पुसली आणि खुशीत घरी गेली. आपण काही वावगं केलं असं तिच्या मनातही आलं नाही. मॅडमचं नुकसान वाचवलं, एवढंच वाटलं.

चूक कळायला दोन वर्षं गेली. कॉलेजच्या पोरींना बाग दाखवताना मॅडम म्हणाल्या, "झाड मेलं तर मेलं म्हणून लिहायचं. खोट्या पट्टीचं झाड मेलेल्याहून वाईट." मानीबाई तेव्हा पाइप धरून उभी होती. त्या दिवसापासून तिनं बागेत नांगे भरणं सोडलं. पुढं पहिलं आणि चौथं झाडही मेलं, मॅडमनी ते वहीत लिहिलं. राहिली दोन. त्यांतलं खरं कोणतं, हे जगात एकट्या मानीबाईला ठाऊक होतं.

पाहुणे येणार हे कळल्यावर आदल्या रात्री तिनं नेमसिंगला सांगून पाहिलं. तो म्हणाला, "मॅडमले मालूम नाही, पाहुण्याले मालूम नाही. तू कायले सांगतं? कामावरून काढलं त मंग?" तिला ते पटलं होतं. पण आता कुऱ्हाड खुरट्याच्या बुडाशी टेकवली की ती पुन्हा उचलून बाजूला ठेवायची. तिनं आळं साफ केलं. मग वाळकी पानं वेचली. मग उगाच पुन्हा आळं साफ केलं.

पाहुणे दहाच्या आधीच आले. झाडांचे अभ्यासक देवीलालजी देहरादूनहून आले होते, हातात कात्री आणि ओलं गोणपाट. म्यानमारचं बी जिथून आणलं होतं ते जंगल आता धरणाच्या पाण्याखाली गेलं, असं ते मॅडमना सांगत होते. तिथलं झाड उरलं असेल तर याच बागेत, म्हणून कलमाच्या काड्या न्यायला इतक्या लांब आलो. मॅडमचा चेहरा उजळला. त्या सरळ तिसऱ्या आळ्यापाशी गेल्या. "हे बघा, किती देखणं झालंय. आणि ते खुरटं अजून तसंच? मानीबाई, काय सांगितलं होतं मी?"

देवीलालजींनी फांदी वाकवली. पान उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं आणि कात्री उघडली. मानीबाई पुढं सरकली. बोलावं तर काम जाणार, आणि त्याहून वाईट म्हणजे मॅडमचा विश्वास जाणार.

"मॅडम, नोका कापू देऊ," ती म्हणाली. "हे म्यानमारचं नोहे."

"काय बोलताय?"

"तुमी नागपूरले गेलत्या तवा तिसरं मेलं. म्या नांगा भरला. हे टाक्यापासचं हाय. पाखरानं टाकलेलं."

"मग खरं कोणतं?"

मानीबाईनं कुऱ्हाडीच्या दांड्यानं खुरट्याकडं दाखवलं. मॅडमनी आधी कुऱ्हाडीकडं पाहिलं, मग झाडाकडं. आपण ते तोडायला सांगितलं होतं, हे त्यांना आता उमगलं असावं. देवीलालजींना मराठी फारशी येत नव्हती, पण त्यांनी कात्री मिटली आणि खुरट्यासमोर उकिडवे बसले. त्याच्या दोनच काड्या घेण्याजोग्या निघाल्या. त्या गोणपाटात गुंडाळून ते गेले.

गाडी फाटकाबाहेर गेल्यावर मॅडमनी वहीत तिसऱ्या नंबरावर रेघ मारली. "मोठं तोडा," एवढंच म्हणाल्या. मानीबाईनं तोडलं. आता मात्र कुऱ्हाड थांबली नाही. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसायला तिचा हात मोकळा नव्हता. झाड पडलं तसं दुपारचं ऊन खाडकन त्या जागेवर आलं.

"अजून कुठं?" मॅडमनी विचारलं.

बागेत चारशेच्या वर झाडं होती. कुठंच नाही, असं म्हणता आलं असतं. मॅडमना ते ऐकायचं होतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"लिंबायच्या ओळीत दोन," मानीबाई म्हणाली. "बांबूत एक. आन् वरच्या बांधाले..."

मॅडम ताज्या खुंटावर बसल्या. चष्मा पुसला, वहीचं पहिलं पान उघडलं आणि पेन हातात घेतलं.

"पहिल्यापासून सांगा," त्या म्हणाल्या.