पाहुण्यांसाठी पुसलेली शाळा

आर्डिस नायगार्डने मिनेसोटातल्या आपल्या गावच्या शाळेत जन्मभर दुसरीचा वर्ग शिकवला. निवृत्तीनंतर ती त्याच शाळेच्या गळक्या छपरासाठी दारोदार मतं मागत फिरत होती. छप्पर दुरुस्त करायचं तर कर वाढवायला गावाने मतदानात होकार द्यायला हवा होता. शेवटी तिच्यासारख्या खटपट करणाऱ्या गावकऱ्यांच्या समितीने ठरवलं, लोकांना शाळाच दाखवू. गळकं छप्पर बघितलं की मत देतील.

आदल्या दिवशी आर्डिसने गळतीखालच्या बादल्या उचलल्या, छताला आतून लावलेले, पाण्याने डागाळलेले चौकोनी तक्ते बदलून घेतले, फरशी पुसली, केक भाजला. पाहुण्यांना पसारा दाखवायचा नसतो, हे तिला आईने शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळा बघायला आलेला शेजारचा मर्लिन केक खात म्हणाला, "अगं, माझ्या घरापेक्षा चकचकीत आहे की! छप्पर कशाला बदलता?"

"गळतं रे."

"कुठे? दाखव ना."

बाहेर लख्ख ऊन होतं. आर्डिसने वर पाहिलं. छताचे नवे तक्ते पांढरेशुभ्र होते.

करवाढीचा ठराव मतदानात पडला. पुढच्या हिवाळ्यात छत खाली आलं आणि शाळा बंद झाली. मुलं आता बसने दुसऱ्या गावी जातात. समितीत आर्डिसला कुणी दोष दिला नाही. देणार कोण? फरशी पुसायला सगळेच आले होते.