शकीला आपा आणि बर्फाचा कप्पा

दीड महिना होत आला. दर्यापूरला एका साखरपुड्याच्या पंगतीत बसलो होतो, तेवढ्यात माझ्या मुलीचा, चिनूचा फोन आला, अमरावतीच्या होस्टेलवरून. "बाबा, आपा गेल्या..." अकोल्यात आपांच्या घराला लागून आमचं घर, आणि बातमी मला कळावी ती अशी दोन गावं फिरून. ताटावरून तसाच उठलो.

शकीला आपा सरकारी दवाखान्यातल्या निवृत्त सिस्टर. जीभ फटकळ. मला 'मास्तर' म्हणत, पण त्यात मास्तरकीबद्दलचा आदर औषधालाही नसे. चिनूला नवव्या वर्षी साखरेचा आजार निघाला आणि रोजचं इन्सुलिन सुरू झालं, तो आमचा पहिला मे महिना. औषधाचा दुकानदार म्हणाला, थंड ठेवा. अकोल्याच्या उन्हात थंड ते चांगलं आणि जास्त थंड ते जास्त चांगलं, हा आमचा वऱ्हाडी हिशेब! मी बाटल्या थेट बर्फाच्या कप्प्यात ठेवल्या. सुई भरायच्या आधी काढायच्या, वितळू द्यायच्या. पण साखर उतरेना. पोरगी सारखं पाणी मागे, कोमेजून पडून राही. घरात आंब्यांची पेटी होती. मी ठरवूनच टाकलं, ही चोरून खाते. ती नाही म्हणून रडली, तरी मी पेटी कुलपात ठेवली.

दुसऱ्या दिवशी आपा सहज डोकावल्या. चिनूचा चेहरा पाहून म्हणाल्या, "मास्तर, दवाई कुठी ठेवता?"

मी मोठ्या ऐटीत बर्फाचा कप्पा उघडला. त्यांनी बाटली उजेडात धरली. आत पांढरे कण तरंगत होते.

"गोठली का मेली दवाई. वितळली तरी जित्ती होत नाई. तुमी पोरीले पानी टोचून राहिले, अन् वरून चोर म्हनता तिले?"

ऑटोत घालून त्यांनीच तिला दवाखान्यात नेलं. तीन दिवसांनी चिनू घरी आली. मग आपांनी फ्रिजचा मधला कप्पा रिकामा करवला, लाइट गेली तर असावा म्हणून ओल्या वाळूत माठ बसवून दिला, बाटलीवर उघडल्याची तारीख लिहायला लावली. आणि म्हणाल्या, "आता माफी मागा. माई नाई, तिची." पोरीपुढे हात जोडताना मला लाज वाटली नाही, रडूच कोसळलं. माझ्याच हातून गेली असती ती...

दफन आटोपून परतलो तेव्हा चिनू पोचली होती. शेजारून आलेले डबे उघडून सगळे आपांच्याच ओसरीत बसलो. जेवणाआधी चिनूनं बाटली काढली आणि दोन तळव्यांत धरून हळूहळू फिरवू लागली.

"हालवून घेत नाई का?" आपांच्या सुनेनं विचारलं.

"नाही वहिनी. आपा म्हणायच्या, झोपलेलं लेकरू उठवतो नं, तसं हळूच."

तिचे हात फिरत राहिले, आपांचे फिरत तसेच.