पुलाखालचं चामडं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आता तुम्हाला सांगतानाही अर्धं लक्ष दाराकडे आहे—कुणी ऐकत तर नाही ना? हसू नका. शुक्रवारी लूम थांबून गल्ली शांत झाली की मला अजून धडकी भरते.

गोष्ट खेळण्यातल्या आगगाडीची. ऐंशीच्या दशकातली. निजामपुऱ्यात खाली आमचे लूम, म्हणजे कापड विणायचे यंत्रमाग, वर माळ्यावर मी आणि माझी गाडी. चांगला मिसरूड फुटलेला घोडा होतो मी, पण सौदीतल्या मेहुण्यांनी आणलेल्या त्या इंजिनावर माझा जीव होता. लूम चालू असताना वर बँड वाजला तरी कळलं नसतं. पण शुक्रवारी लूम बंद, खालच्या खोलीत अब्बा आजारी, आणि माझी गाडी प्लायवूडवर ताशासारखी वाजायची. थोरल्या भाईंनी बजावलं, "पुन्हा आवाज आला तर गाडी भंगारात देईन." ते बोलल्याप्रमाणे करत.

मग मी आवाजाच्या मागेच लागलो. सेटमधले लोखंडी रूळ तुकड्यातुकड्यांचे—प्रत्येक सांध्यावर खट्, शिवाय खाडीच्या हवेने गंजायचे. मेहुण्यांकडून लांब, वाकणारे रूळ मागवले. खिळे काढून टाकले, कारण खिळ्यातून आवाज फळीत उतरतो. खाली जुन्या चपलांचं रबर घातलं. सगळं निवलं—एक पत्र्याचा पूल सोडून. तो खणखणायचाच.

लूमचा धोटा सूत घेऊन एका पेटीतून दुसऱ्या पेटीत धावतो. तो जिथे आदळतो तिथे जाड चामडं असतं, धक्का खाणारं. कोपऱ्यातला एक लूम बरेच दिवस बंद होता. कोण विचारतंय त्याला? मी त्याचं चामडं काढलं, पुलाखाली घातलं. पूल गप्प झाला. मला काय आनंद झाला म्हणून सांगू—जाऊ दे.

पुढे मोठी ऑर्डर आली आणि भाईंनी तोच लूम चालू करायला लावला. चामडं जागेवर आहे का, हे घाईत पेटीत बोट घालून कुणी पाहिलं नाही. तो चालवायला उभे राहिले बशीरचाचा—आमचे जुने कारागीर, लहानपणी मला खांद्यावर घेऊन बाजारात फिरवणारे. आणि मला वर माळ्यावर कळलं. कसं? इतके महिने मी आवाजच तर ऐकत होतो. खालच्या सगळ्या गलक्यात एक ठोका कोरडा होता, लाकडावर लाकूड आपटल्यासारखा. खाली जाऊन "बंद करा" म्हणायचं, एवढंच. पण मग चामडं कुठे गेलं, तेही सांगावं लागलं असतं. गाडी गेली असती. मी जिन्यापर्यंत गेलो आणि परत फिरलो. कुणीतरी बघेलच, असं मनाशी म्हणालो.

धक्का खायला चामडं नव्हतं; धोटा उसळून उडाला तो थेट चाचांच्या डाव्या डोळ्यात. त्याच्या टोकाला लोखंड असतं. डोळा गेला. भाई म्हणाले, म्हाताऱ्याने पेटी न बघता लूम सुरू केला. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही.

कायमचं गावी जाण्याआधी चाचा अब्बांना भेटायला आले, मग माझ्याकडे माळ्यावर. गाडी चालू होती. बंद करायला हातच उचलेना. पट्टी बांधलेला चेहरा त्यांनी पुलाजवळ नेला. आता वाकतील, आता बघतील.

"कितनी चुपचाप चलती है, बेटा," ते म्हणाले. "नीचे क्या डाला है?"

"थर्माकोल," मी म्हणालो.

ते हसले. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि भिंत चाचपडत जिना उतरले. मी गाडी चालूच ठेवली.