झाकलेलं विरजण

विरजण लावलं की सकाळपर्यंत भांड्यावरचं झाकण काढायचं नाही, हा शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरात आईचा कायदा होता. "सारखं उघडून बघितलं की दही लागत न्हाय," ती म्हणायची. बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. मी कॉलेजात फिजिक्स शिकत होते आणि घरात अक्कल फक्त मलाच आहे, अशा तोऱ्यात वावरत होते.

एकदा वर्गात सरांनी सांगितलं, की बघेपर्यंत इलेक्ट्रॉन अमुक जागी आहे असं म्हणताच येत नाही. बघितल्यावरच काय ते ठरतं. मी घरी आले तेव्हा आई भाकरी थापत होती.

"आई, तू जिंकलीस की! आमचे सरही तेच म्हणतात. बघेपर्यंत काही ठरलेलंच नसतं."

तिचा हात परातीत थांबला. "खरंच? शिकलेली माणसं असं म्हणत्यात?"

"व्हय," मी तिची नक्कल केली. ती हसली नाही. हात का थांबला, हे मी विचारलं नाही.

पुढे ती उकाड्यातही पदर घट्ट लपेटून बसू लागली. फळीवरचा डबा काढायला मला हाक मारायची, आणि मी तिला आळशी म्हणून चिडवायचे.

दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला तिला तेल लावताना माझी बोटं तिच्या डाव्या काखेत गेली. गाठ होती, सुपारीएवढी, टणक.

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून. छातीत बी हाय एक." ती शांतपणे म्हणाली, "डॉक्टरनं बघितलं की ठरंल म्हणून ऱ्हायले. तूच म्हणलीस की."

डॉक्टरांनी तपासलं आणि मला बाहेर बोलावून विचारलं, इतके दिवस काय करत होतात?

घरी येऊन मी वही काढली. मला सरांचा भयंकर राग आला होता. त्यांचं ते वाक्य फाडून टाकायचं होतं. ते सापडलं. पान उलटलं तर दुसऱ्या दिवशीचा तास होता, माझ्याच अक्षरात: 'बघणे म्हणजे माणसाने डोळ्यांनी बघणे नव्हे. नेमके काय, यावर मतभेद आहेत. मोठ्या वस्तूंचे मात्र कोणी न बघताही ठरलेलेच असते.'

खाली मी दोन रेघा ओढल्या होत्या. परीक्षेला येईल म्हणून. आईला सांगण्यासारखं त्यात मला काही वाटलं नव्हतं.