दोन मिनिटांचं भाषण

चूक माझ्या बापाची. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाच्या मनात शंका नको. चहा घ्या आणि ऐका.

आमचे बाबा कॅनडात, ओटावाच्या कनाटा या उपनगरात एका टेलिकॉम कंपनीत आहेत. रविवारी तिथल्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी. उरलेल्या वेळात ते माझी बदनामी लपवतात. बदनामी काय, तर मी दुसऱ्या वर्षात इंजिनिअरिंग सोडलं. खून केला असता तर परवडलं असतं, निदान वकील तरी लावता आला असता! मंडळात कुणी विचारलं, "पोरगा काय करतो?" की बाबा हसून म्हणणार, "सध्या ब्रेकवर आहे." ब्रेकवर! मी काय बस ड्रायव्हर आहे?

तर या माणसाने मे महिन्यात आम्हाला हॉलंडला नेलं. कशाला? ट्युलिप बघायला. आता काय बोलणार! आमच्या ओटावात दर मे महिन्यात ट्युलिपचा पूर येतो. दुसऱ्या महायुद्धात कॅनडाने मदत केली म्हणून डच लोक अजून दरवर्षी लावायला ट्युलिपचे कांदे पाठवतात. घरापासून अर्ध्या तासावर, फुकट! पण आईला 'ओरिजिनल' बघायचे होते.

हार्लेमजवळच्या एका गावात मिएन नावाच्या आजींकडे उतरलो. वय ऐंशीच्या पुढे, सायकल अजून चालू. आईने पहिल्याच तासात त्यांची 'मीनाबाई' करून टाकली. सकाळी ब्रेकफास्टला काय? ब्रेड, त्यावर लोणी, त्यावर चॉकलेटची बारीक शेव. पूर्ण वाढ झालेली माणसं हे खातात! आणि मी घरी दुपारी मॅगी केली तरी मला लेक्चर.

आजींनी बाबांना इंग्रजीत विचारलं, "कुठून आलात?"

"कॅनडा," बाबा म्हणाले.

आणि थांबले. कारण पुढचा प्रश्न त्यांना पाठ आहे. इतकी वर्षं कॅनडात राहून कुणालाही 'कनाटा' सांगा, तो लगेच मान वाकडी करून विचारणार, "नाही, पण मूळचे कुठले?" बाबांचं "इंडिया" ओठांवर तयार होतं.

तो प्रश्न आलाच नाही. आजींनी बाबांचा हात दोन्ही हातांत धरला. "कॅनडा!" म्हणाल्या, आणि डोळे भरले त्यांचे. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बापाचं कॅनेडियनपण पहिल्या फटक्यात पास झालं. माणूस असा फुलला की विचारू नका. मग म्हणाला, "माझे आजोबाही त्या युद्धात होते."

एवढं ऐकून मी फोन चार्जिंगला लावायला वर गेलो. खाली आलो तर आई आणि मीनाबाई दोघी नाक पुसत होत्या.

दुपारपर्यंत खिडकीत मेपलच्या पानाचा झेंडा. शेजारीण पॅनकेक घेऊन हजर. संध्याकाळी दाराएवढा उंच एक माणूस चीजचा मोठा तुकडा घेऊन आला आणि माझा हात हलवून म्हणाला, "थँक यू." कशाबद्दल रे बाबा? मी आयुष्यात कुणाच्या दारातला बर्फसुद्धा उपसला नाही!

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बापाने फेकली होती. पणजोबांना कॅनेडियन फौजेत भरती करून मोकळा!

"बाबा, हे काय लावलंय?"

"काहून? लोकं प्रेमानं देऊन राहिले, तू घे ना."

"पणजोबा ब्रह्मदेशात होते! जपान्यांशी लढत होते! हॉलंडशी त्यांचा काय संबंध?"

"मी एक शब्द खोटा बोललो नाही."

"हो, 'ब्रेकवर आहे' हाही खोटा शब्द नव्हताच, सेक्रेटरीसाहेब!"

बाबांचा चेहरा लाल झाला. "चल, पैज लाव. मी या बाईशी खोटं बोललो असेन, तर तुझ्या कॉलेजचं नाव जन्मात काढणार नाही. आणि खरं बोललो असेन, तर सप्टेंबरात गुमान वर्गात जाऊन बसायचं. पूर्ण होईस्तोवर."

"डन!"

"अव, कोणी झेंडूबाम आणला आहे का?" आई म्हणाली. "तुम्हा बापलेकांनी डोकं उठवलं माझं."

मला काय, आनंदच. जन्माची कटकट मिटणार होती! फक्त सगळ्यांसमोर बाबांचं पितळ उघडं पाडायचं. आणि तत्त्व म्हणून ठरवलं, लबाडीचं अन्न खायचं नाही.

इथे दुसरा घोळ. आपल्याकडे 'नको' म्हणजे नुसती सुरुवात असते. नको, अहो नको, बरं अर्धीच. मग वाढणारी दोन वाढते. मीनाबाईंनी वाटाण्याचं सूप आणलं, एवढं घट्ट की चमचा उभा राहावा. वास असा की तत्त्व डळमळायला लागलं. मी म्हटलं, "नको." मनात म्हटलं, अजून दोनदा विचारू दे, मग बघू.

"ओके," म्हणाल्या आणि वाडगा उचलून नेला!

"अरे, इथं एकदाच विचारतात," आई कुजबुजली. "हो म्हण पटकन!"

आता कसलं हो? कॉफीबरोबर बिस्किटांचा डबा आला. प्रत्येकी एक, आणि झाकण बंद. माझं ते एकही हुकलं. रात्री आईच्या बॅगेतला चिवडा खाल्ला. तत्त्वात बसतो तो, कनाटाहून आणलेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गावच्या हॉलमध्ये जमायचं होतं. युद्धात गेलेल्यांची आठवण म्हणून. सगळं गाव येणार! मला याहून चांगलं व्यासपीठ कोण देणार होतं?

आई सांगायला आली, "अरे ऐक, आठ वाजता तिथं..."

"आई, मला सगळं माहितीये!"

हॉलवर पोचल्यावर मी सरळ वॉशरूममध्ये गेलो. कानात गाणी लावली आणि आरशासमोर भाषणाची तयारी केली. चांगली तयारी झाली. बाहेर आलो, कानातलं काढलं.

काय दृश्य! सगळा हॉल उभा. म्हातारे, पोरं, तो दाराएवढा माणूस. कुणी हलत नाही, कुणी बोलत नाही. टाचणी पडली असती तर दचकायला झालं असतं. मी मनात म्हटलं, वा! बोलण्याआधीच पकड बसली. आंबेडकरी घरातलं पोरगं आहे, भाषण रक्तातच असणार!

खुर्चीवर चढलो. "सभ्य स्त्री-पुरुषहो," मी इंग्रजीत गरजलो, "तुमची फसवणूक झाली आहे! माझे पणजोबा इथे कधी आलेच नाहीत. ते ब्रह्मदेशात होते. हा माझा बाप तुमचं चीज फुकट खातोय!"

कुणी हूं की चूं नाही. बाबांची हनुवटी छातीला टेकलेली. शरम! मला वाटलं, बसला बाण. आई ओठांवर बोट ठेवून डोळे वटारत होती. नवऱ्याला वाचवते, दुसरं काय! मला आणखी चेव आला.

"आणि मी ब्रेकवर नाही! मी ड्रॉपआउट आहे! सांगा सगळ्यांना!"

तरी शांतता. शेवटच्या रांगेतल्या एका लहान पोरीने तेवढा तोंडावर हात दाबून धरला.

मग एकदम वाद्यं वाजली आणि सगळे गायला लागले. एक क्षण, खरं सांगतो, मला वाटलं माझ्यासाठीच गातायत.

गाणं, म्हणजे त्यांचं राष्ट्रगीत, संपलं. मीनाबाई काठी टेकत माझ्या खुर्चीपाशी आल्या.

"खाली उतर," म्हणाल्या. उतरलो. "तुझ्या वडिलांनी हे पहिल्याच सकाळी सांगितलं. ब्रह्मदेश. आणि परत आल्यावर त्याच सैनिकाला गावच्या विहिरीवर पाणी भरू दिलं नाही, तेही. आभार कुणी मानलेच नाहीत म्हणाले."

"मग हा झेंडा, हे चीज?"

"युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात अन्न नव्हतं, मी ट्युलिपचे कांदे खाल्लेत, मुला. नंतर कॅनेडियन आले. त्यांचे आभार माझ्या आईने मानले. तुझ्या पणजोबांचे राहिले होते. ते आम्ही मानले. युद्ध एकच होतं ना?"

मी हळूच विचारलं, "आणि ड्रॉपआउटचं?"

"तेही सांगितलं. म्हणाले, पोरगा हुशार आहे, खरं बोलतो, पण कुणाचं पूर्ण ऐकून घेत नाही."

बाबा तिकडे भिंतीवरचे फोटो फार बारकाईने बघत होते.

"आता आठ वाजताचं," मीनाबाई म्हणाल्या. "वर्षातून एकदा, दोन मिनिटं, मेलेल्यांसाठी सगळा देश गप्प राहतो. गाड्या थांबतात. रस्त्यावरची माणसं थांबतात. सगळा देश."

"सगळा?"

"तू सोडून."

जमिनीत जावं असं वाटलं, पण हॉलची फरशी पक्की होती. मी माफी मागितली. एकेकाची, हात धरून. तो उंच माणूस म्हणाला, "आवाज चांगला आहे तुझा." त्या लहान पोरीने तिच्या वाट्याचं बिस्किट मला दिलं. ज्या गावाची शांतता मी नासवली, त्या गावाने मला आग्रह न करता जेवू घातलं. मी इतक्या पटकन 'हो' म्हणालो की मीनाबाईंना अख्खा प्रश्नही विचारता आला नाही.

जेवताना बाबा शेजारी बसले होते. माझ्या पणजोबांची आजवर कुणी आठवण काढली नव्हती. या माणसाने त्यांना परक्या देशात नेऊन त्यांचे राहिलेले आभार मिळवून दिले होते. आणि मी चीजचा हिशोब करत बसलो होतो. थँक्यू म्हणावंसं वाटलं. म्हणालोही, जरा हळू आवाजात.

"काय म्हणाला?" बाबांनी विचारलं. "दोन मिनिटं तर मोठ्यानं बोलत होता."

चूक बापाचीच आहे, मी अजून म्हणतो. चार्जर वर का ठेवला होता त्याने?

पैज हरलो, त्यापायी माझी सहा सेमिस्टर गेली. पहिलं सध्या चालू आहे.