सोमवारचं डोकं

मंगळवार, ९ सप्टेंबर. सकाळी चादरी भिजवल्या. साडेअकराला भाऊजी कामावरून परत आले. ताप नाही, पोटदुखी नाही. चहा नको म्हणाले.

त्या दिवशी डायरीत एवढंच लिहिलं. काय झालं ते कळायला रात्रीचं जेवण उरकावं लागलं.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. लग्न केलं नाही. हे गेल्यापासून माझ्याकडेच राहतात. मेंदूचा नकाशा काढणाऱ्या एका संस्थेत बावीस वर्षं स्कॅनर चालवतात. मेंदूचा कुठला भाग कुठल्या भागाशी जोडलेला आहे आणि वय वाढतं तशा त्या जोडण्या कशा विरत जातात, हे तिथे मोजतात. विशीपासून नव्वदीपर्यंतची माणसं येऊन स्कॅनरच्या बोगद्यात पडून राहतात. हलू नका, असं भाऊजी इतक्या मायेनं सांगतात की निम्मी तिथेच घोरायला लागतात.

यंत्र बरोबर चाललंय ना, हे बघायची तिथे एक रीत होती. दर सोमवारी सगळ्यांच्या आधी भाऊजी स्वतः आत झोपायचे. त्यांच्या डोक्यातल्या जोडण्या गेल्या सोमवारइतक्याच निघाल्या, की यंत्र ठीक. "वहिनी, आमच्याकडे काटा तपासायला वजन म्हणून माझं डोकं ठेवतात," असं सांगून स्वतःच हसायचे.

तीनेक वर्षांपूर्वी त्यांचा आकडा उतरू लागला. सगळ्यांनी दोष दिला यंत्राला. इंजिनियर आले, सुटे भाग बदलले, शेवटी गणितातच अशी दुरुस्ती घातली की भाऊजींचा आकडा पुन्हा पहिल्यासारखा यावा. वयाचा अभ्यास करायला बसलेल्या इतक्या विद्वानांत एकालाही सुचलं नाही, की सोमवारी आत झोपणारा माणूसही म्हातारा होतोय. त्या दुरुस्तीनं येणारा प्रत्येक म्हातारा कागदावर तरुण दिसू लागला. संचालकांनी त्यावर सभा गाजवल्या, हारतुरे घेतले.

आता नवं यंत्र आलं, त्यात ती दुरुस्ती नव्हती, आणि बिंग फुटलं. मंगळवारी भाऊजींना सांगण्यात आलं, घरी जा.

गुरुवारी दुपारी संचालक आमच्या घरी आले. हातात फुलांचा गुच्छ, अंगाला अत्तराचा भपका, आणि एक टाइप केलेला कागद. 'मला विस्मरणाचा आजार आहे आणि तो मी संस्थेपासून लपवला', अशी भाऊजींच्या नावची कबुली त्यात होती. सही केली तर सन्मानानं निरोप, नाहीतर चौकशी. भाऊजी समोर बसलेले असताना ते माझ्याकडे वळून म्हणाले, "ह्यांना आता फारसं कळत नसेल. तुम्हीच समजवा."

पिठाच्या डब्यात अळ्या दिसाव्यात तशी मला त्यांची किळस आली. पाहुण्याला आधी पाणी विचारावं हे मला कॉन्व्हेंटमध्ये शिकवलं होतं. मी विचारलं नाही.

भाऊजींनी पेन उचललं. बावीस वर्षं 'हो सर' म्हणायची सवय. खोटं कशाला बोलू, त्याचीही मला किळस आली.

"भाऊजी, आधी वाचा," मी म्हणाले.

त्यांनी दोनदा वाचलं, ओळीखाली बोट धरून. संचालक घड्याळ बघत होते.

"सर, मी लपवलं असं लिहिलंय. पण आकडा तर दर सोमवारी तुमच्या टेबलावर यायचा."

तो यंत्राचा आकडा होता, असं संचालक म्हणाले.

"यंत्राचा नव्हता, माझा होता. तेवढं ह्यात घाला, मग करतो सही."

मजकूर वरून मंजूर झालाय, बदलता येणार नाही, असं उत्तर आलं. भाऊजींनी पेनाला टोपण लावून ते परत दिलं.

खरा निर्लज्जपणा पुढेच होता. चपला घालता घालता संचालक लाडीगोडीनं म्हणाले, की ते काहीही असो, सोमवारी येऊन झोपत जा. एकाच मेंदूची बावीस वर्षांची नोंद दुसऱ्या कोणाकडे नाही.

"सोमवारी मला सवड नाही," भाऊजी म्हणाले. त्यांना आता सातही दिवस सवड होती.

दार लावल्यावर त्यांनी विचारलं, "वहिनी, खरंच विसरतो का मी?"

दोन वर्षांपासून माझ्या डायरीत तारखांसकट होतं ते. त्यांना वाईट वाटेल म्हणून मी गप्प बसले होते. म्हणजे लपवलं असेल तर मी.

"हो. कधीकधी," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. म्हणाले, की मग उद्याच्या उद्या डॉक्टर गाठू, पण त्या इमारतीतला नको.

गुच्छ मी कचऱ्यात टाकला. संध्याकाळी लिहिलं: गॅस संपला. दुसरं सिलिंडर भाऊजींनी लावलं.