खालचं घर

आरसेकाकांच्या घरात दोन घरं होती. एक वरचं, ज्यात टेबल, खुर्च्या, पलंग आणि काकू होत्या. दुसरं खालचं, लाकडी जमिनीच्या चकाकीत उलटं लटकलेलं. दुपारचं ऊन खिडकीतून आत आलं की खालच्या घरातही एक खिडकी उघडायची आणि काका हातातलं फडकं तसंच धरून तिच्याकडे बघत बसायचे. तिकडे सगळं निवांत असणार, असं त्यांना वाटे. तिकडे कुणाचे गुडघे दुखत नसतील, कुणी मोठ्याने बोलत नसेल, पडदा हलला तरी पाण्यात हलल्यासारखा सावकाश हलत असेल. काकू म्हणायच्या, तुमचा संसार खाली आणि माझा वर, जेवायला तेवढं वर येत जा.

काकांनी जन्मभर एका दुकानात आरसे कापले, त्यांच्या कडा घासल्या. त्यामुळे आईबापांनी ठेवलेलं नाव मागे पडलं आणि धंदाच चिकटला. घरात मात्र आरसा एकच, तोही टीचभर. हौस सगळी जमिनीवर. रोज मऊ कुंचा फिरवायचा, मग घट्ट पिळलेलं फडकं, तेही लाकडाच्या रेषा जातील त्याच दिशेने. कुणी पाण्याची बादली आत आणायला निघालं असतं तर काका दारात आडवे पडले असते. महिन्याकाठी मेणाचा पातळ हात द्यायचा, ते मुरू द्यायचं आणि लोकरीच्या तुकड्याने घासायचं. लेक लहान होती तेव्हा तिला जुन्या ब्लँकेटवर बसवून ते खोलीभर ओढायचे. वजनाने चकाकी चढते, हे त्यांचं कारण. तिचं खिदळणं हा वरचा नफा.

पाहुण्यांची मात्र त्रेधा उडायची. जावई पहिल्यांदा आला तो उंबरठ्यावरून घसरत थेट सासऱ्यांच्या पायांशीच पोचला. एवढा आदर नको, असं काका म्हणाले खरे, पण आधी खाली ओरखडा पडलाय का ते बघून मगच.

एवढ्या लाडाच्या जमिनीत खोट एकच होती. स्वयंपाकघराच्या दारापासून पलंगापर्यंत, भिंतीला लागून, हातभर रुंदीची एक पट्टी सारखी फिकी पडायची. इतर ठिकाणी मेण महिना काढायचं, इथे आठवड्यात उतरायचं. काकांनी भिंतीतल्या ओलीला दोष दिला, लाकडाला दिला, फळ्या ठोकणाऱ्या सुताराचाही उद्धार केला. शेवटी ते त्या पट्टीला दुप्पट मेण चारायला लागले, न जेवणाऱ्या पोराला मागे लागून भरवावं तसं. त्या पट्टीसाठी ते तास तास गुडघ्यांवर असायचे.

त्याच पट्टीवर काकू पडल्या.

खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी बजावलं की वॉकर धरून चालता येईल, पण पुन्हा पडल्या तर उठणं कठीण. लेकीने सांगून टाकलं की आई आता तिच्याकडेच राहील, बाबांनीही यायचं तर यावं, पण त्या काचेवर ती आईला पाऊल टाकू देणार नाही. लेक रागाने बोलली असती तर काकांनी उत्तर दिलं असतं. ती रडत बोलली. काकू नुसत्या छताकडे बघत होत्या. जाताना त्यांनी काकांचा हात धरला आणि हळूच म्हणाल्या, "मला माझ्या घरी न्या."

मग काका कामाला लागले. खिडक्या सताड उघडल्या, टर्पेंटाइनमध्ये चिंधी भिजवली आणि इतक्या वर्षांचं मेण उतरवायला घेतलं. चिंधी मधासारखी पिवळी व्हायची, मग काळपट. खालचं घर थोडं थोडं विझत गेलं. आधी टेबल गेलं, मग खुर्ची, मग पलंगाचा पाय. खालची खिडकी त्यांनी शेवटपर्यंत राखून ठेवली होती. तीही पुसली तेव्हा त्यांना वाटलं, आपण कुणाला तरी बाहेर काढून दार लावून घेतोय.

खोलीच्या मध्यावर मेणाखालचं लाकूड कोरं करकरीत निघालं, जणू कालच ठोकलेलं. मग ते भिंतीकडच्या पट्टीपाशी आले. तिथे लाकूड बोटाला कळेल इतकं खोलगट झालं होतं. नवल करत ते उठायला गेले, गुडघ्यांनी दगा दिला म्हणून हात भिंतीला टेकला, आणि तळव्याखाली रंग गुळगुळीत लागला. त्यांनी नीट बघितलं. भिंतीवर एक मळकी रेघ होती, काकूंच्या हाताच्या उंचीवर, स्वयंपाकघरापासून पलंगापर्यंत. ती त्यांना नेहमीच दिसायची. ओल म्हणून सोडून दिली होती. आता ते त्या रेघेवर हात ठेवून चालू लागले आणि त्यांची पावलं आपोआप खोलगट पट्टीतून पडू लागली.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. ओरखडा न् ओरखडा पाठ असलेल्या माणसाला एवढं दिसलं नव्हतं. बायको सगळा जन्म भिंत धरून चालली होती, आणि जिथे ती जीव मुठीत धरून पाय टाकायची, नेमकी तीच वाट आपण दुप्पट निसरडी करत आलो. काका भिंतीशी बसले आणि चिंधी तोंडाला लावून रडले. टर्पेंटाइनने डोळे आणखीच झोंबले.

नंतर त्यांनी सगळीकडे जवसाच्या तेलाचा हात दिला आणि वरचं तेल पुसून घेतलं. लाकूड मऊसर, मातीच्या रंगाचं दिसू लागलं. लेक येऊन अनवाणी चालून बघून गेली. पायाने घासून बघितलं, थोड्या उड्याही मारल्या. मग तिने वडिलांच्या सोललेल्या हातावर मलम लावलं आणि आईला आणायला निघाली.

काकू वॉकर धरून दारात थांबल्या. बराच वेळ खाली बघत राहिल्या.

"अहो, खालचं घर कुठे गेलं?"

"मोडलं," काका म्हणाले. मग त्यांना राहवलं नाही. "इतकी वर्षं भिंत धरून चालत होतीस. बोलली का नाहीस?"

काकूंनी जरा विचार केला. "आधी वाटलं, होईल सवय. मग तुम्ही ती कडच जास्त घासायला लागलात. मला वाटलं, माझी वाट म्हणूनच घासता. मग कशी बोलू?"

काकू आत आल्या. त्यांचा हात सवयीने भिंतीकडे गेला, रेघेवर टेकला आणि परत वॉकरवर आला. त्या खोलीच्या मध्याकडे वळल्या. एक पाऊल, मग थांबणं, मग दुसरं. मधली एक फळी करकरली. काकांना घरातली प्रत्येक करकर ओळखीची होती, पण ही त्यांनी कधी ऐकली नव्हती. त्यांच्या स्वतःच्या वजनाला ती फळी गप्प राहत असे.

खोलीच्या मधोमध येऊन काकू उभ्या राहिल्या. ऊन त्यांच्या पायांवर आलं आणि तिथेच राहिलं. त्यांनी खिडकीकडे बघितलं.

"इथून झाड दिसतं की," त्या म्हणाल्या.

काकांनी भिंतीकडची काकूंची खुर्ची उचलली आणि तिथे आणून ठेवली.